राजव्वाला दिलेली खुर्ची

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही, देवालाही नाही — देवापुढे मी दुकानाचंच बोलते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. पण आधीच बजावते, माफी मागायला बसलेली नाही.

सोलापुरात माझं टॉवेल-चादरींचं दुकान आहे. विड्या वळून सुरुवात केली, आज कारखानदार माझ्याशी भाव बोलायच्या आधी पाणी मागतात. आवाज मोठा आहे, राग त्याहून मोठा. हे सगळं मला मान्य आहे. मग कबुली कशाची? सांगते. थांबा जरा.

आमची माणसं मूळची तेलंगणातली. पणजोबांच्या काळी मागावर बसायला आली आणि इथलीच झाली. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी. नवरात्राच्या सुमारास आमच्यात बतुकम्मा असते — फुलांचा मनोरा मधे ठेवायचा आणि बायकांनी टाळ्या देत, गोल फिरत गाणी म्हणायची. गाणी कुठं लिहिलेली नसतात. एकीने ओळ सांगायची, बाकीच्यांनी शेवट ओढायचा. आमच्या गल्लीत ओळ सांगणारी होती राजव्वा.

माझी आई वळसंगची, कानडी घरातली. वडिलांनी तिच्याशी लग्न केलं ते गल्लीने कधी पचवलं नाही. मनोऱ्यासाठी तरवडाची फुलं मात्र आईच आणायची, माहेरच्या माळावरून, टोपलं भरून. मनोरा रचून झाला की राजव्वा म्हणायची, "तू बाजूला बस गं. तुझ्या तेलुगूला कानडी वास मारतोय." बायका हसायच्या. आईसुद्धा हसायची — हे मला जास्त झोंबायचं. तिला हसायची काय गरज होती? आई बाहेर, म्हणून मीही बाहेर. भिंतीला टेकून बघत राहायचं. गाण्यांचे शब्द तिथवर नीट पोचायचे नाहीत. मी राजव्वाला बघायची.

पुढे दिवस पालटले. काही वर्षांपूर्वी समाजातल्या पोरांच्या मनात आलं, की गावाकडून आलेली जुनी गाणी मोबाइलवर भरून घ्यावीत, मुलींना शिकवावीत, नाहीतर म्हाताऱ्यांबरोबर जातील. विचार चांगलाच होता. मंडप माझा, जेवण माझं, म्हणून पहिला मान माझा.

"अक्का, तुमच्या आजीचं एखादं गाणं असंल की!"

आजीचं? वडिलांची आई मी जन्मायच्या आधीच गेलेली. पण नाही म्हणू? राजव्वा समोर बसलेली असताना?

मी गायले. चाल जुनीच, शब्द माझे — विड्या वळता वळता जुळवलेले. माणसं गाव सोडून सोलापूरला येतात, वाटेत सीना नदी आडवी येते, बाई डोक्यावर मागाचं सामान घेऊन पार होते. एका म्हातारीने डोळे पुसले. मी सांगितलं, आजी म्हणायची हे.

तेवढ्यात समोरच्या कोपऱ्यातून राजव्वा बोलली. "शांते, आपली माणसं आली उगवतीकडनं. सीना ऱ्हायली मावळतीला, पुण्याच्या वाटंवर. तुझी आजी काय पुण्याला जाऊन म्हागारी आलती व्हय गं?"

मंडप हसला. पुन्हा एकदा, त्याच बाईच्या तोंडून, माझ्या घरावर. माझी कानशिलं तापली. पण धंद्याने एक शिकवलंय — राग आला की आवाज खाली आणायचा.

"खरंय, राजव्वा," मी म्हटलं. "आमचं राहू दे. तुमची अस्सल गाणी आधी भरून घेऊ. ए, खुर्ची आणा रे कुणीतरी. गुडघे दुखतात त्यांचे."

खुर्ची आली. मी ती स्वतःच्या पदराने पुसली. लोकांना वाटलं, शांताक्का केवढ्या मनाची!

कबुली ही आहे. गाण्याची नव्हे — खुर्चीची.

कारण मला एक गोष्ट माहीत होती. राजव्वाला बसून गाता येत नसे. पाऊल पडलं, टाळी वाजली, की तिला पुढची ओळ सुचायची. पाऊल थांबलं की ओळ थांबायची. एका वर्षी तिचा पाय मुरगळला होता, तेव्हाही असंच बसवलं तर तिला काही आठवेना. शेवटी दोघींनी काखेत धरून फिरवली, तेव्हा गाण्यांमागून गाणी आली. हे कुणाच्याच ध्यानात राहिलं नव्हतं. गोलातल्या बायका फिरतात, बघत नाहीत. बघत होते मी.

राजव्वा बसली. पोरांनी तोंडासमोर मोबाइल धरला. दोन ओळी आल्या. मग तिने हात उचलले, टाळी दिली, आणि… "हां… म्होरं… थांब गं जरा…" पायाची बोटं जमिनीवर चुळबुळत होती. मला दिसत होती. उठवायचं, काखेत हात घालायचा, चार पावलं चालवायचं — एवढंच काम होतं. मी म्हटलं, "राहू द्या हो. रिकामं पोतं झटकून काय पडणार?"

सगळे हसले. राजव्वाही हसली, अगदी माझ्या आईसारखी.

मला बरं वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोलू?

त्यानंतर ती कधी मंडपात आली नाही. पुढचं नवरात्र यायच्या आत गेली. बाकीच्या बायकांना नुसते शेवट ओढता येत होते. ओळी कुणाकडेच नव्हत्या.

वारसा बुडवला म्हणाल? म्हणा. ज्यात माझ्या आईची फुलं चालत होती आणि आई चालत नव्हती, तो कुणाचा वारसा? माझं गाणं आज मुली स्टेजवर म्हणतात, पूर्वजांचं म्हणून. सीना नदीसकट. गाणं चांगलं आहे आणि मी ते मागे घेणार नाही. पण राजव्वाची गाणी काळाने नेली असं पोरं भाषणात सांगतात, ते खोटं आहे. ती मी घालवली. समजून-उमजून, पदराने खुर्ची पुसून.

गेल्या वर्षी राजव्वाची सून दुकानात आली, लेकीला घेऊन. म्हणाली, "अक्का, आमच्या सासूचं कायच ऱ्हायलं न्हाय बघा. तुमच्या आजीचं तरी हिला शिकवा की."

मी गल्ल्यावरून उठले. पोरीचा हात धरला आणि चादरींच्या गठ्ठ्याभोवती फिरवत तिला शिकवायला लागले. ती अडली की मी म्हणायची, "थांबू नको, पाऊल टाक, ओळ आपोआप येते." आणि यायची. संध्याकाळपर्यंत पोरीला सगळं गाणं पाठ झालं.

जाताना सून माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.