अल्बममधलं कपाळ

दोन हजार सालानंतर मी मंचरच्या माझ्या फोटो स्टुडिओत कॉम्प्युटर आणला आणि स्वतःला मोठा कलाकार समजू लागलो. लग्नाच्या अल्बमच्या सजावटीला आम्ही मिक्सिंग म्हणायचो. आंबेगाव तालुक्यातली कितीतरी जोडपी मी बसल्या जागी बर्फाच्या डोंगरावर नेऊन ठेवली. नवरी कमळात, नवरदेव बदामात, कडेनं गुलाब. गिऱ्हाईक खूश, मीही खूश. कुणी चूक काढली की मात्र माझं डोकं फिरायचं.

एकदा तळेघरची एक बाई लेकीच्या लग्नाचे फोटो निवडायला आली. सकाळच्या एसटीनं आलेली, दुपारची गाठायची घाई. मी एकेक फोटो पडद्यावर दाखवत होतो. हळद, कन्यादान, पाठवणी. सगळे संपल्यावर ती म्हणाली, "मी कुठं न्हाई का, भाऊ?"

मी परत शोधलं. एका फोटोत होती, पंगतीच्या मागं, हातात पाण्याचा जग. नवरा गेलेला, म्हणून हळदीला तिला कुणी पुढं केलं नव्हतं आणि कन्यादानाला चुलता-चुलती बसले होते. फोटो मीच काढले होते, पण नवरीची आई कुठंय हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. तेव्हा लाज वाटली.

तिनं पिशवीतून नवऱ्याचा पासपोर्ट फोटो काढला. कसल्याशा कागदावरून सोडवलेला, हनुवटीवर अर्धा शिक्का. "आमचा जोडीचा फोटो एक बी न्हाई. पोरीच्या अल्बमात पयल्या पानावर आमी दोघं पायजेत. शेजारी शेजारी."

"एवढंच ना, मावशी? द्या सोडून माझ्यावर," मी म्हणालो. तिचा फोटो तिथंच काढला आणि पुढच्या आठवड्यात बोलावलं.

त्या कामात मी जीव ओतला. शिक्का पुसला, त्याला कोट चढवला, दोघांच्या मागं फुलांचा मांडव उभा केला. शेवटी सवयीप्रमाणे त्याच्या गळ्यात चंदनाचा हार टाकला. मयताच्या फोटोसाठी तो हार माझ्याकडे तयारच असायचा.

ती आली, बघत राहिली. मी कौतुकाची वाट बघत होतो.

"ह्यांना हार कशापायी घातला?"

"अहो मावशी, गेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालतातच की," मी जरा तिरसटपणेच बोललो.

"मंग माझ्याशेजारी कसे काय हुभे हायेत?"

मी गुपचूप हार काढला. खरं सांगतो, हार निघाल्याबरोबर तो माणूस वेगळाच दिसायला लागला. लेकीच्या लग्नात पाहुण्यांची वाट बघत उभा असल्यासारखा.

"आता झालं?"

"न्हाई. ह्ये हायेत, तर माझं कपाळ मोकळं कसं?"

हा अल्बम लेकीच्या सासरी जाणार, दहा बायका मांडीवर घेऊन बघणार. मी म्हणालो, "मावशी, लोक नावं ठेवतील. पोरीला ऐकून घ्यावं लागेल."

"पोरीनंच धाडलंय मला," ती म्हणाली. "मांडवात समद्यांचं ऐकलं, भाऊ. पाण्याचा जग घेऊन मागं हुभी ऱ्हायले."

मी लाल रंग घेतला आणि तिच्या कपाळावर एक बारीक टिकली ठेवली. का कुणास ठाऊक, मला घाबरायला झालं होतं.

"येवढुसं नगं. मी रुपयायेवढं लावायची."

मी रुपयाएवढं केलं. कडा सारख्या केल्या, फोटो पडद्यावर मोठा केला. ती खुर्ची ओढून जवळ आली. नवऱ्याकडं बघितलं आणि घाईघाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.