स्वरूपाच्या तारीखवार फायली

माझी बायको स्वरूपा बारामतीची. वरकुट्याला नांदायला आली ती लॅपटॉप घेऊन, आणि आल्यापासून माझ्यापेक्षा माझ्या आईशीच तिचं जास्त जमतं. इंदापुरात ती कॉम्प्युटर क्लासवर शिकवते. गेल्या दिवाळीत तिच्या मनानं घेतलं, की नोकरी सोडून घरूनच शेअर बाजारात उतरायचं. कधी घ्यायचं, कधी विकायचं, याचे नियम तिनं एका प्रोग्रॅममध्ये लिहिलेच होते.

माझी आई, प्रयागबाई, नाही म्हणाली नाही. "पैसं न लावता म्हैनाभर नुसतं खेळून दाव. नफा दिसला तर खुशाल सोड नोकरी."

महिना संपला. स्वरूपानं लॅपटॉप उघडला आणि कपाळाला हात लावला. प्रोग्रॅम रोज संध्याकाळी हिशेब लिहायचा, पण 'निकाल' नावाच्या एकाच फाईलमध्ये. आजचं लिहिताना कालचं पुसलं जायचं. उरला होता फक्त शेवटचा दिवस, आणि तो नेमका नफ्याचा.

मी म्हणालो, "देव पावला! हेच दाव आईला."

"एका दिवसावर म्हैना सांगू व्हय?" असं म्हणून ती तडक आईकडे गेली. "आत्या, म्हैना वाया गेला. चूक माझीच हाय. पुन्हा करते."

या वेळी तिनं फाईलचं नाव प्रोग्रॅमलाच तयार करायला लावलं. शेअरचं नाव, पुढं त्या दिवसाची तारीख. नाव रोज नवं, म्हणून जुन्याला धक्का नाही. बघता बघता फायलींची रांग लागली. मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं, तरी कौतुक वाटायचं.

शेवटी बेरीज तोट्यात आली. फार नाही, पण तोटाच. तिचं उतरलेलं तोंड मला बघवेना. आई शेजारीच डाळ निवडत बसलेली, तरी मी हळूच म्हणालो, "आता तर सोपं हाय. तारीख बघून तोट्याच्या चार फायली उडव. कोण इचारतंय?"

तिनं लॅपटॉप आईपुढं सरकवला. एकेक तारीख उघडून आईला वाचून दाखवली, तोट्याची तर दोनदा. मग म्हणाली, "न्हाय जमलं, आत्या. नोकरी सोडत न्हाय."

सकाळी डबा भरून ती नेहमीच्या एसटीनं इंदापूरला गेली. तिला तशी जाताना बघून मला वाईट वाटलं. आई मात्र माझ्याकडे वळून म्हणाली, "औंदा कारखान्याकडनं उसाचं बिल आलं, की स्वरूपाच्या हातात द्यायचं."

"आन् मी?"

"तू फायली उडवणारा. तू उसाला पाणी दे."