काट्याचा पत्ता कारखान्यातच सापडेना

आमच्या साखर कारखान्यात संगणक विभागाची प्रमुख मी. विभागात मी धरून दोघे, त्यातला एक त्या दिवशी रजेवर होता. रोज सकाळी वहीत क्रमांक घालून कामे लिहायची माझी पद्धत आहे. पहिले लिहिले, ‘प्रिंटरची शाई मागवणे’. दुसऱ्याचा आकडा घालतेय तोवर निरोप आला, काटा बंद पडला.

लोखंडी काटा ठणठणीत होता. उसाची ट्रॉली वर चढली की लाल आकडे उजळत होते. पण ते आकडे ज्या पानावर नोंदवायचे, ते पान काट्याच्या केबिनमध्ये उघडेना. त्या पानाचा सर्व्हर माझ्या खोलीत, केबिनपासून वीस पावलांवर. केबिनमधून पान दिसत नव्हते, आणि गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर कोणाच्याही मोबाईलवर झटकन दिसत होते.

सकाळीच पुण्याचा सल्लागार प्रॉक्सी, म्हणजे इंटरनेटसाठी एक मध्यस्थ संगणक, बसवून गेला होता. आता कोणत्याही संगणकाने हव्या त्या पानाचे नाव फक्त प्रॉक्सीला सांगायचे. पत्ता शोधून पान आणायचे काम प्रॉक्सीचे. तो पत्ता विचारायचा बाहेर, इंटरनेटवर. बाहेरून उत्तर यायचे ते आमच्याच बाहेरच्या दाराचे. मग मागणी आतून निघायची, स्वतःच्याच दाराशी जाऊन ठोठावायची, आणि दार तिला आत घ्यायचे नाही. सल्लागार फोन उचलत नव्हता.

रांगेतल्या चौथ्या ट्रॅक्टरवरून राहुरीकडची एक शेतकरीण उतरली आणि माझ्या खिडकीशी आली.

“बाई, परवा तोडलेला हाय माझा ऊस. उन्हात वजन चाललंय त्याचं. तुमचं मशीन बरं हुईस्तवर चिपाडं मोजायची का?”

मी एमडी साहेबांना म्हटले, हाताने पावत्या देऊ. ते म्हणाले, “यंदा हाती पावती बंद. ठराव झालाय.” मग त्यांनीच तोड काढली. काट्याच्या क्लार्कने टपरीवर बसून मोबाईलवर नोंद करायची, आणि केबिनमधल्या मदतनिसाने कुंपणाच्या भिंतीवरून वजन ओरडून सांगायचे. साहेबांच्या सहीचा पास घेऊन क्लार्क बाहेर गेला. पहिल्या ट्रॉलीची नोंद झालीसुद्धा. पावती मात्र केबिनमधल्या प्रिंटरवर काढायची होती, म्हणून तो परत निघाला. वॉचमनने अडवले.

“पास बाहेर जायचा हाय. आत यायचा कुठंय?”

“अरे, रोज तुझ्यासमोरून आत येतो की मी!”

“रोज घरून येता. आज आतून बाहेर गेलाय. त्याला येगळा पास लागतो.”

दुसऱ्या पासाला सही हवी होती आणि साहेब मीटिंगमध्ये गेले होते.

तेवढ्या वेळात मी कारखान्यातल्या तेवीस संगणकांची यादी केली. एकेकाजवळ जाऊन त्यात काट्याच्या पानाचा आतला पत्ता लिहिला, यादीवर खूण केली. तेवीस खुणा झाल्या आणि पान एकाही ठिकाणी उघडले नाही. उघडणार कसे? संगणक आता पत्ता शोधतच नव्हते, ते काम प्रॉक्सीकडे गेले होते. तेवीस जणांच्या खिशात मी चिठ्ठी घातली होती आणि रस्ता शोधणारा चोविसावाच होता.

मग शहाण्यासारखे केले. आतल्या पत्त्यांची आपली वेगळी वही एका सर्व्हरवर उघडली आणि प्रॉक्सीला सांगितले, आपल्या कारखान्याचे नाव आले की या वहीत बघ, बाकी जगाचे बाहेर विचार. पान उघडले. क्लार्क गेटबाहेरच राहिला, पण मदतनिसाने अडकलेली पावती काढली, पाठोपाठ दोन ट्रॉल्या वजन होऊन गेल्या.

तेवढ्यात चेअरमन साहेबांच्या पीएचा फोन. “मॅडम, साहेब गेले!”

“कुठं?”

“वेबसाईटवरून! फोटो नाही, मनोगत नाही, काहीच नाही. आणि समोर पाहुणे बसलेत.”

कारखान्याची वेबसाईट बाहेरच्या एका कंपनीच्या सर्व्हरवर होती. माझ्या नव्या वहीत नोंद एकच, काट्याची. कारखान्याचे दुसरे काहीही विचारले तरी ती ठामपणे सांगत होती, असे कोणी नाही.

एमडी साहेब धावत आले. “होतं तसं करा. आत्ता.”

“काटा बंद पडेल, साहेब.”

“पाहुणे जाईपर्यंत पडू द्या.”

खिडकीतून राहुरीची ट्रॉली काट्यावर चढताना दिसत होती. मी “करते” म्हटले, कामांची वही उघडली, समास आखला आणि बदल उलटे फिरवायचा क्रम लिहायला घेतला.

“लिहिताय काय?”

“क्रम. घाईत चुकायला नको.”

पाचव्या पायरीपर्यंत आले तेव्हा केबिनमधल्या प्रिंटरचा आवाज ऐकू आला, राहुरीची पावती निघाली. आणि तेव्हाच सुचले की उलटे काहीच करायला नको, सर्व्हरवरच्या त्याच वहीत वेबसाईटचा पत्ता घातला की झाले. अर्ध्या मिनिटात चेअरमन साहेब फोटोसकट परतले. एवढा वेळ समास आखत बसले होते, हे कोणाला सांगितले नाही.

बाहेर आले तर राहुरीची शेतकरीण पावती वाचत होती.

“परवाचा ऊस परवाच काट्यावर घातला असता तर जास्त भरला असता,” ती म्हणाली. तिने पावती कमरेच्या पिशवीत घातली. “आता फुडं गव्हाणीत ऊस रिकामा करायचा. तिथं कंप्युटर हाय का?”

“नाही.”

“मग हुईल,” ती म्हणाली आणि ड्रायव्हरला हात केला.