देवघरातला शाम्पू

२००२ साली शिकागोत नवऱ्याची आयटीतली नोकरी गेली. ग्रीन कार्ड झालं होतं म्हणून बरं, नाहीतर तेव्हाच बिऱ्हाड पुण्याला परत. दुसरी नोकरी मिळेना, म्हणून त्यानं लोकांच्या गाड्या आतबाहेरून धुऊन-पुसून चकाचक करून द्यायला सुरुवात केली. थंडीत हे काम बंद. पण वसंतासाठी शाम्पू, वॅक्स, पॉलिश असा सगळा माल त्यानं आधीच भरून ठेवला. पुढं घर त्यावरच चालायचं होतं.

"हे गोठलं की फाटतं गं, दुधासारखं. घरात ठेवू या."

"मुळीच नाही! धाकटा रांगतोय, दिसेल ते तोंडात घालतोय. मागच्या गॅरेजमध्ये ठेवा. उबेचं मी बघते."

काय तो तोरा! आज नातवंडांना सांगताना मलाच हसू फुटतं. आमच्या देशी वस्तीतल्या, डेव्हन ॲव्हेन्यूच्या थंडीत इडलीचं पीठ फुगवून दाखवणारी बाई होते मी. पातेल्याला गोधडी गुंडाळायची, की सकाळी पीठ टम्म. तर त्या बाटल्याही मी गोधडीत अशा निजवल्या, की अंगाई तेवढी म्हणायची राहिली.

पहिल्या कडाक्याच्या थंडीनंतर नवऱ्यानं वरची बाटली उचलली. आत बर्फ खुळखुळला.

"अगं, पीठ मुळात कोमट असतं. या बाटल्यांना कुठली आलीय अंगची ऊब? तू तर थंडी जपून ठेवलीस!"

बीएस्सी फिजिक्स झालेली बाई गोधडीची घडी घालू लागली.

तो हसला, पण लगेच पालथ्या बादलीवर बसला. "मधल्या अजून बऱ्या दिसतायत. त्याही गेल्या तर मार्चमध्ये लोकांकडे काय घेऊन जाऊ?"

खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या नागपूरच्या काकू कचरा टाकायला आल्या होत्या. "मग बसलात काय? आणा माझ्याकडे."

कपड्यांच्या कपाटात त्यांनी देवघर थाटलं होतं. तिथं देवांच्या पायाशी त्यांनी शाम्पू-वॅक्स-पॉलिश रांगेत मांडलं.

"काकू, देवाजवळ हे असलं?"

"असलं म्हणजे? पोटापाण्याची हत्यारं आहेत ती. दसऱ्याला पुजतो ना आपण? यांना रोज पुजू." आणि हिवाळाभर खरंच प्रत्येक बाटलीला हळदकुंकू लागलं.

मार्चमध्ये पहिल्या गाडीवर त्यानं शाम्पू ओतला. फेस आला, भरभरून आला. गाडीवाला म्हणाला, "यार, बाटलीला कुंकू?"

"आमच्या काकूंची वॉरंटी आहे ती," नवरा म्हणाला.

काकूंकडे गाडी नव्हती. त्या बसनं फिरायच्या आणि आमच्याकडून चहाशिवाय काही घ्यायच्या नाहीत. म्हणून दर शनिवारी तो आमची जुनी खटारा गाडी लखलखीत करायचा आणि त्यांना भाजी आणायला न्यायचा. काकू बूट काढून हातात घ्यायच्या, मगच आत बसायच्या.