पुण्याची हवा मानवेना

लोणावळा सोडलं तेव्हा मी तेरा वर्षांची होते. आबा, म्हणजे माझे वडील, स्टेशनात मालाच्या ऑफिसात कारकून, त्यामुळे प्लॅटफॉर्मवरचा जो तो येऊन माझ्या ट्रंकेला हात लावून गेला. जवळच्या औंढे गावातली आत्या दुधाची चरवी घेऊनच आली होती. "कुसे, लाजू नगं तितं. आन् इंग्रजी फाडायला लागलीस की आमाला इसरू नगं," म्हणाली आणि बंगल्यांवर दूध घालायला गेली.  आईने माझी वेणी पुन्हा एकदा घट्ट केली, इतकी की पुण्यापर्यंत कपाळ ओढत होतं.

तुमच्यापैकी जे गाव सोडून गेले त्यांना पुढचं सांगायला नको. जे राहिले त्यांच्यासाठी लिहिते.

लोणावळ्यात शिकले तेही इंग्रजीतूनच, पण गावातल्या शाळेतले वर्ग संपले म्हणून पुण्याच्या बोर्डिंगात गेले. तिथे ब्रेकफास्टला मेट्रन रोज कुणातरी एकीला उभं करी आणि काल वाचलेलं इंग्रजीत सांगायला लावी. कुणाला उठवणार, ते आधी कळत नसे. मला वाचलेलं सगळं यायचं. भरलेल्या टेबलासमोर तोंड मात्र उघडत नसे. दोन आठवड्यांत माझ्या पोटात दुखू लागलं. बेंबीच्या जरा वर, कुणी मुठीत धरल्यासारखं. खाल्लेलं उलटून पडे. डॉक्टरांनी जीभ पाहिली, पोट दाबलं, कडू पावडर दिली. "ढोंग आहे," असं मेट्रन माझ्यासमोरच इंग्रजीत म्हणाली. ते मला कळणार नाही असं तिला का वाटलं, कुणास ठाऊक.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधीच मला नेण्यासाठी आबांना बोलावणं गेलं. माझे हात काड्यांसारखे झाले होते.

घरी माझ्या दुखण्याचं निदान तयारच होतं. आमच्या गावात माणसं हवापालटाला येतात. मुंबईचे खोकणारे शेठ काठी टेकत बंगल्यात उतरतात आणि गाल भरून परत जातात. त्या सगळ्यांना दूध घालणारी आमची आत्या. "पोरीला पुन्याची हवा मानवत न्हाई. दुसरं काय बी न्हाई," ती म्हणाली. आई, आबा, शेजारचे स्टेशनमास्तर, सगळ्यांना ते पटलं. मग रोज सकाळी आत्या मला खंडाळ्याच्या बाजूला दरीच्या काठी नेऊन बसवी, शेठ लोक बसत तसं.

"तोंड उघडं ठिव. हवा आत गेली पायजेल."

"आत्या, माशी जाईल."

"जाऊ दे. ती बी हितलीच हाय."

मी खरंच बरी झाले. भाकरी पचू लागली. मला त्याचं नवल वाटे. पुण्यातसुद्धा रविवारी दुखत नसे, आणि रविवारी हवा काही बदलत नव्हती. रविवारी मेट्रन सकाळीच चर्चला जाई. हे मी कुणाला सांगितलं नाही. विचारलंच नव्हतं कुणी.

परत जायच्या दिवशी आबा ट्रंकेला दोरी बांधत होते आणि तीच मूठ पोटात आवळली. मी पायरीवरच ओकले.

"बगा!" आत्या म्हणाली. "दादा, आता पुरं. वडगावचं स्थळ चांगलं हाय, मी म्हनतेय तवापासनं. पोर जगली तर शिकंल ना."

आबांनी दोरी सोडायला घेतली. म्हणजे ठरलंच होतं. आता मी गप्प राहिले असते तर शाळा तिथेच संपत होती.

"आबा, मी तर अजून इथेच आहे," मी म्हणाले. "पुण्याची हवा लागली कुठे मला?"

"वारं आलं आसंल तिकडनं," आत्या म्हणाली.

"वारा कोकणातून येतोय, आत्या."

आत्याने पदर वर धरून पाहिला. तो पुण्याच्या दिशेला उडत होता.  तिने पदर खोचला आणि पायरी धुवायला घेतली.

मग मी सगळं सांगितलं. टेबल, मेट्रन, रविवार. आबा ट्रंकेवर बसून ऐकत होते. "पोटाला वार कळतात होय?" ते म्हणाले. ते हसले नाहीत, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "आणि उभं राहून झाल्यावर? तेव्हा दुखतं?" मला ठाऊक नव्हतं. मी कधी शेवटपर्यंत उभीच राहिले नव्हते. "मग ते बघून ये एकदा," आबा म्हणाले. "नाहीच जमलं तर मी न्यायला येतो. वडगावचं तोवर राहू दे."

दुसऱ्या दिवशी पुण्यात ब्रेकफास्टला मेट्रनने बोलावण्याआधीच मी उठले.  अर्ध्यावर विसरले आणि खाली बसले. दुखणं होतं, पण पॉरिज पोटात राहिलं. त्यानंतर मी आठवड्यातून एकदा आपणहून उठू लागले, आणि उरलेल्या दिवशी धाक कमी होत गेला. पोट अजूनही दुखतं, नव्या गावात, नव्या माणसांत. आता मी त्याच्याकडे जरा कुतूहलाने बघते: आज कशाला भ्यालंय हे?

सध्या मी नागपुरात मुलींना शिकवते. परीक्षेच्या सकाळी कुणाचं डोकं दुखतं, कुणाला घेरी येते. सहकारी बाई म्हणतात, नखरे. अशा वेळी मला घर फार आठवतं. आमच्या माणसांना माझ्या दुखण्याचं कारण कळलं नव्हतं. माशीसकट हवा खायला घातली त्यांनी मला. पण मला दुखतंय, यावर त्यांच्यापैकी एकानेही शंका घेतली नाही. बाहेर पडल्यावर कळलं, असं सगळीकडे नसतं. माझ्यापुरतं घर म्हणजे तेवढंच.