फ्लेक्स आला, भाकरी आली नाही

द्वारकाबाई गेल्या त्या दिवशी त्यांच्या घरी भाकरी आली नाही.

या भागात मृत्यू झालेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. माणसं मातीहून परतली की शेजारच्या घरांतून भाकऱ्या, पिठलं, वाटीभर वरण येतं. आणणाऱ्यानं ते ठेवून निघून जायचं नसतं. समोर बसून घरच्यांना पहिला घास घ्यायला लावायचा असतो. रडणाऱ्या माणसाला ‘जेव’ म्हणणं कठीण आहे, आणि ते शेजाऱ्यानं करायचं, एवढाच या रीतीचा अर्थ. द्वारकाबाईंची सून राजेश्वरी हिनं हे काम गावातल्या कित्येक घरांत केलं होतं. त्या दिवशी तिच्या घरात ते कुणीही केलं नाही.

गाव सास्तूरच्या बाजूचं, लोहारा तालुक्यातलं. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं. जुन्या गावात भिंतीला भिंत होती. नव्या गावात रुंद रस्ते आले आणि घरं एकमेकांपासून सुटी झाली. जुन्या गल्लीतला शेजारी गावाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि दुखवट्याची भाकरी हळूहळू विरळ झाली. पण ती रीत पूर्वी फार उदार होती असंही समजू नये. ती भावकीतल्या भावकीत फिरत असे. गावाच्या टोकाच्या मजुरांच्या वस्तीकडे मोठ्या घरांतली भाकरी जुन्या गावातही कधी गेली नव्हती.

त्या वस्तीत एकदा राजेश्वरीनं एक बाई पाहिली. नवऱ्याला माती देऊन ती नुकतीच परतली होती आणि लेकरं भुकेनं रडतात म्हणून स्वतःच चूल फुंकत होती. राजेश्वरी घरी आली, भाकऱ्या थापल्या आणि परत गेली. तिथून ‘सोबत मंडळ’ सुरू झालं. काही बाया, काही तरुण, आणि लोहाऱ्याला जीप चालवणारा मल्लेश. वर्गणी नाही, नोंदणी नाही. मृत्यू कुणाच्याही घरी होवो, मंडळाची भाकरी जाणार, एवढा एकच नियम. ज्या गावात भाकरी कुणाच्या दारात जाते हे जात ठरवते, तिथे हा नियम लहान नव्हता.

मग गावानं या कामाचं जे केलं ते गावं नेहमीच करतात. गावानं तिचा सत्कार केला.

मोठे जमीनदार रणधीर यांनी तो लोहाऱ्यात घडवून आणला. शाल, श्रीफळ, हार. भाषणात ते म्हणाले, “राजेश्वरीताई आहेत म्हणून गाव निश्चिंत आहे.” टाळ्या पडल्या. त्या वाक्यातला अपराध कुणाच्या ध्यानात आला नाही. एक बाई दुसऱ्यांच्या दुःखात उभी राहते, म्हणून बाकीच्यांनी निश्चिंत व्हायचं! कौतुक ही कर्तव्य टाळण्याची सर्वांत सभ्य रीत आहे. तिच्यात टाळणाऱ्यालाही पुण्य लागतं. पुढं मृत्यूच्या घराला लागून असलेली घरंसुद्धा पीठ मळेनाशी झाली. “मंडळ हाय की,” असं म्हणत बाया आपापल्या दारांतून तोंडाला पदर लावून पाहत राहत.

यात राजेश्वरीचीही चूक होती. भाकऱ्या किती, कुणाच्या घरी थापायच्या, कोण नेणार, हे तीच ठरवत असे. सगळे तिच्या फोनची वाट पाहत. तिनं मदतनीस तयार केले. जबाबदार माणूस एकही तयार केला नाही. स्वतःच्या हातानं काम लवकर उरकतं, हा चांगल्या माणसांचा मोह असतो आणि संस्था त्याच मोहानं मरतात.

द्वारकाबाईंना माती देऊन माणसं परतली. राजेश्वरीचा नवरा महारुद्र भिंतीला टेकून मान खाली घालून बसला. अंगणात गर्दी होती. दुपार कलली. तेवढ्यात मल्लेशची जीप आली. सगळ्यांना वाटलं, भाकरी आली. मल्लेशनं जीपमधून फ्लेक्स काढला. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. खाली द्वारकाबाईंचा फोटो, त्याहून मोठा हात जोडलेल्या रणधीर यांचा, आणि कोपऱ्यात ‘सोबत मंडळाच्या अध्यक्षा’ म्हणून राजेश्वरीचा.

गर्दीतल्या रणधीर यांनी हळूच विचारलं, “जेवणाचं बघितलं का रं?”

“आक्का सांगतील तसं,” मल्लेश राजेश्वरीकडं पाहत म्हणाला.

“आक्का रडायलीय की.”

“मग सांगनार कोन?”

हे त्यांनी चेष्टेनं म्हटलं नव्हतं. दोघांनाही खरोखरच प्रश्न पडला होता. राजेश्वरीनं ते ऐकलं. ती उठली, आत गेली आणि तिनं चूल पेटवली.

बायांत एकच गलका झाला. “अगं बाई, आज पेटवू न्हाय चूल! सासू गेलीय तुजी!”

“मग तुमची कुठं पेटलीय?” ती म्हणाली.

बायांनी तोंडाला पदर लावले. तिनं भाकऱ्या थापल्या आणि नवऱ्यासमोर ताट ठेवलं. त्याला घास घ्यायला लावणारा शेजारी नव्हता, म्हणून त्यानं तो घेतला नाही. भाकरी तशीच वाळली.

तेराव्यानंतर तिनं मंडळाला मारुतीच्या पारावर बोलावलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी आटलं होतं; राग आटला नव्हता.

“आजपासून मंडळ भाकरी थापनार न्हाय.”

मल्लेश गोंधळला. “मग मंडळानं करायचं काय, आक्का?”

“दारं वाजवायची. मयत झालं की आपन शेजारच्या दारात जायचं, आनि एका दारात लांबच्या गल्लीच्या. ज्या घरानं मयताच्या वस्तीत कधी पाऊल टाकलं न्हाय, त्या घराच्या. भाकरी त्यांनी थापायची, त्यांनीच न्यायची, त्यांनीच समोर बसायचं. आनि कुठल्या दारात जायचं ते मला विचारायचं न्हाय. तुमी ठरवायचं.”

“अन् न्हाय म्हनले तर?”

“दारात उभं ऱ्हायचं.”

“लोकांच्या दारात भीक मागायला आलो न्हाय आमी मंडळात,” एक तरुण म्हणाला.

“व्हय, तू फोटोत उभं ऱ्हायला आलास. जा मग.”

तो गेला. त्याच्याबरोबर आणखी काही गेले. गावात बोललं गेलं की सासूच्या मरणानं बाईचं डोकं फिरलं. सेवा करणाऱ्याला गाव देव मानतं. त्यानं सेवेत वाटा मागितला की वेडा ठरवतं. राजेश्वरीला वेडं ठरण्याचं भय नव्हतं. भय एकच होतं: पुढचा मृत्यू होईल, दारं उघडणार नाहीत, आणि तिच्या हट्टापायी एक दुःखी घर उपाशी राहील.

पुढचा मृत्यू मजुरांच्या वस्तीत झाला. रेवणप्पाची बायको गेली. घरात तो आणि त्याची म्हातारी आई नागूबाई. माती देऊन तो परतला तेव्हा शेजारच्या घरातून फोन आला, “ताई, डबा कवा येनार?”

“तुमच्या घरात पीठ हाय का?” राजेश्वरीनं विचारलं.

“हाय की.”

“मग मला कशाला विचारताय?”

लांबच्या गल्लीचं दार ठरवायचं होतं. मल्लेशनं आधी आपल्या जीपकडं पाहिलं. मग म्हणाला, “रणधीरदादांचं.” तो चालवायचा ती जीप रणधीर यांचीच होती, तिच्यावर त्यांचं नाव रंगवलेलं होतं. हे दार निवडताना त्याला काय मोजावं लागलं असेल ते राजेश्वरीला कळलं, आणि मंडळात पहिल्यांदाच एक जबाबदार माणूस उभा राहिला, हेही.

दोघं रणधीर यांच्या दारात गेले.

“या, या ताई! काय लागतंय सांगा. लोहाऱ्याच्या हॉटेलातून मागवतो, साऱ्या वस्तीला पुरंल इतकं.”

“हॉटेल समोर बसून घास घालतंय का, रणधीरभाऊ? तुमच्या चुलीवरची पायजे. आनि तुमीच आनायची.”

त्यांचा चेहरा बदलला. “ताई, आमच्या घरातलं कुनी तिकडं कवा जेवन घिऊन गेलं न्हाय.”

“म्हनून तर आलो.”

“गड्याला पाठवतो.”

“गडी न्हाय.”

ती उंबऱ्यावर उभी राहिली, मल्लेश पायरीवर. रस्त्यावरचे लोक थांबून पाहू लागले. शेवटी आतून रणधीर यांची आई हरणाबाई म्हणाल्या, “रणधीर, दारात तमाशा नगं. दोन भाकऱ्यांनी घर बुडत न्हाय.” आणि परात ओढली. त्यांच्या मनात करुणा जागी झाली असं म्हणण्याला कसलाही आधार नाही. त्या लोकलाजेला भ्याल्या. नीतीला पुष्कळदा एवढ्यावरच भागवावं लागतं.

रेवणप्पाच्या घरात शेजारणीनं ठेवलेली वाटी आधीच होती. रणधीर यांनी भाकरीचं फडकं तिच्याजवळ ठेवलं, हात जोडले आणि ते वळले. राजेश्वरी दारात उभी होती.

“बसा,” ती म्हणाली.

ते बसले. शेणानं सारवलेल्या जमिनीवर, ज्याच्या दारात कधी आले नव्हते त्या माणसाच्या समोर. त्यांनी फडक्याची गाठ सोडली. नागूबाई भिंतीकडे तोंड करून होत्या. रेवणप्पा भाकरीकडे पाहत होता, जणू ती कुणी चुकून त्याच्या घरी आणली होती.

“घे,” रणधीर कसेबसे म्हणाले. “घे, रेवणप्पा. जेव.”

रेवणप्पानं भाकरी मोडली. एक तुकडा आईच्या हातात दिला, एक स्वतः धरला, आणि तिसरा रणधीर यांच्यापुढं केला.

“तुमी बी घ्या, मालक. एकट्याच्यानं गिळवत न्हाय.”

बाहेर सारी वस्ती गोळा झाली होती. या वस्तीतल्या हातचा घास रणधीर यांच्या घराण्यात आजवर कुणी घेतला नव्हता, आणि हे त्या अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. रणधीर यांनी दाराकडं पाहिलं. राजेश्वरी दारातून हलली नाही.

त्यांनी तुकडा घेतला आणि तोंडात घातला. रेवणप्पानंही घातला. रणधीर यांनी तो घास गिळेपर्यंत ती तिथंच उभी होती. मग बाजूला झाली.

“आता जावा,” ती म्हणाली. “आनि फ्लेक्स लावू नका.”