लेडीज गेटच्या बाई

तिकीट अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात धरायचं, समोरच्या बाईच्या डोळ्यांत पाहायचं आणि विचारायचं, "फाडू का?"

डोअरकीपरनं तिकीट फाडण्याआधी गिऱ्हाइकाची परवानगी मागितल्याचं तुम्ही कुठं पाहिलं आहे? मी पाहिलं आहे, वर्षानुवर्षं. नागपुरात सीताबर्डीवरच्या एका टॉकीजमध्ये मी बुकिंग क्लार्क होतो. त्या काळी बायकांची तिकीटखिडकी वेगळी असे, दार वेगळं असे आणि बसायची जागाही लाकडी कठड्यानं वेगळी केलेली असे. त्या खिडकीत मी बसायचो आणि दहा पावलांवर लेडीज गेटला बाई उभ्या असायच्या. त्यांना नाव होतं, पण मालकापासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना 'बाई'च म्हणत, म्हणून मीही इथं तेवढंच म्हणतो.

"फाडू का?" हा प्रश्न नुसता विचारायचा म्हणून नव्हता. फाडलेलं तिकीट म्हणजे व्यवहार संपला. न फाडलेलं तिकीट मात्र माझ्या खिडकीवर परत आणता यायचं. 'एकदा विकलेले तिकीट परत घेतले जाणार नाही' अशी पाटी खिडकीवर होती, पण ती माझ्या डोक्याच्या वर बाहेरच्या बाजूला असल्यामुळे मला बसल्या जागेवरून दिसत नसे. मी तिकीट परत घ्यायचो आणि रांगेतल्या पुढच्या बाईला द्यायचो. हे आमचं दोघांचं न बोलता ठरलेलं होतं.

पिक्चर चांगला असला तर बाई काही विचारत नसत. टर्रकन तिकीट फाडायचं आणि "जा, बस" म्हणायचं. वाईट असला की प्रश्न यायचा आणि प्रश्नाच्या मागोमाग बाईंचं मत यायचं.

"तीन तास मशीन चालवून राहिली ते माय. पोराले वकील केलं त्या मशीनवर. अन् सुईत दोराच नाही! मी अकरा खेळ पाह्यले, एकदाबी दोरा दिसला नाही. फाडू का?"

रांगेतल्या बाया हसायच्या, पण बाई हसत नसत. त्यांना खरोखर राग यायचा. मुंबईत बसून कुणीतरी गरीब बाईचा पिक्चर काढतो आणि सुईत दोरा ओवण्याचे कष्ट घेत नाही, हा त्यांना स्वतःचा अपमान वाटे. त्यांच्या नवऱ्याच्या मागं त्यांनी लोकांची धुणीभांडी करून दोन मुलं वाढवली होती. छप्पन सालच्या दीक्षेला त्या पांढरं लुगडं नेसून गेल्या होत्या, हे त्या अभिमानानं सांगत. त्यानंतर कुणापुढं मान खाली घातली नाही, हेही सांगत. पडद्यावरच्या बायका ऊठसूट मान खाली घालायच्या, आणि तिथंच बाईंचं बिनसायचं.

एक अडचण होती. बाईंनी कुठल्याच पिक्चरची सुरुवात पाहिलेली नसायची. पहिली वीस मिनिटं उशिरा येणाऱ्या बायकांची तिकिटं फाडण्यात जायची. मग त्या आत जाऊन पडद्याशेजारच्या दाराला टेकून उभ्या राहायच्या. मध्यंतरात माझ्याकडे येऊन विचारायच्या, "बाबू, हे दोघं भाऊ कधी बिछडले गा?" मी म्हणायचो, "मला काय माहीत? मी खिडकीत असतो." मग त्या मनानंच सुरुवात तयार करायच्या. त्यांनी केलेली सुरुवात कधीकधी मूळ पिक्चरपेक्षा चांगली असायची, हे मी पुढं सुट्टीच्या दिवशी तिकीट काढून पाहिलं, म्हणून खात्रीनं सांगतो आहे.

आणि वर्तमानपत्रातलं परीक्षण म्हणाल, तर त्याचा प्रकारही सांगून टाकतो. परीक्षण लिहिणारे गृहस्थ शुक्रवारी पास घेऊन यायचे, मध्यंतरापर्यंत मॅनेजरच्या खोलीत कूलरसमोर बसून समोसे खायचे आणि पिक्चरच्या जाहिरातीची पुस्तिका खिशात घालून घरी जायचे. रविवारी छापून यायचं, 'हृदयस्पर्शी कौटुंबिक चित्र'. बाई एकेक पिक्चर दिवसातून तीनदा, आठवड्यातले सातही दिवस पाहायच्या, आणि त्यांचं मत दहा पावलांच्या पलीकडे जायचं नाही. मला अजून त्याचा संताप येतो. माहिती कुणाला होती आणि बोलायचा मान कुणाला होता, पाहा.

बाईंना सगळंच वाईट वाटे, असं समजू नका. एकदा एका धोबिणीवरचा साधा पिक्चर लागला होता. गाणी नाहीत, मारामारी नाही. पहिल्याच दिवशी लेडीजमध्ये जेमतेम वीस बाया होत्या. तीनचा खेळ संपला, आतून दारावर थापा पडू लागल्या, तरी गेट उघडेना. मी बाजूच्या दारानं आत धावत गेलो. बाई आत पडद्याकडे पाहत तशाच उभ्या होत्या, पडदा तर केव्हाच पांढरा झाला होता. गेट उघडायचं राहून गेलं होतं. मी हाक मारली तेव्हा म्हणाल्या, "बाबू, तिच्या हाताले भेगा होत्या गा. खऱ्या भेगा." तो पिक्चर तीन दिवसांत उतरला. बाई पुढं आठवडाभर कुणाशी धड बोलल्या नाहीत.

त्याच्या जागी जो लागला, त्याची गोष्ट सांगायची आहे.

नाव सांगत नाही. तसले पिक्चर तुम्हीही पाहिलेच असतील. नवरा दारू पितो, बायकोला मारतो, घराबाहेर काढतो. ती देवळाच्या पायरीवर बसून त्याच्याच नावानं उपास करते. शेवटी त्याला उपरती होते, ती त्याच्या पायांवर डोकं ठेवते, घंटा वाजतात. लेडीजमधून हुंदके ऐकू यायचे. घरोघरच्या सासवा सुनांना घेऊन येऊ लागल्या. 'पाहा, संसार असा करायचा असतो,' असं त्यांना सांगत. माहेरी निघून गेलेल्या मुलींना समजावून परत आणायचं आणि सासरी पोचवण्याआधी हा पिक्चर दाखवायचा, अशी चक्क रीतच पडली त्या उन्हाळ्यात. मी खिडकीतून तिकिटं देत होतो आणि एकेका मुलीचा उतरलेला चेहरा पाहत होतो.

बाई तर पेटून उठल्या होत्या. "ज्या पायानं लात मारली त्याच पायावर डोकं ठेवून राहिली! अन् ह्या बाया रडून राहिल्या! काहून रडता वं? चिडा ना!" असं त्या रांगेसमोर उघड बोलायच्या. रोज पाच-सात तिकिटं माझ्याकडे परत येत होती. पण मागं एवढी गर्दी होती, की कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

मे महिन्यातल्या एका दुपारी, तीनच्या खेळाला, आमच्या एक नेहमीच्या गिऱ्हाईक आल्या. पन्नाशीच्या, पांढरपेशा घरातल्या, दर शुक्रवारी नवा पिक्चर चुकवत नसत. त्या दिवशी बरोबर सून होती, वीस-बावीसची. नागपूरचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. त्या उन्हात त्या मुलीनं मनगटापर्यंत लांब बाह्यांचं पोलकं घातलं होतं. मी दोन तिकिटं दिली. माझ्या मनात काही आलं नाही, हे खरं सांगतो. बाईंच्या मनात मात्र लगेच आलं.

त्यांनी सासूचं तिकीट फाडलं. सुनेचं बोटांत धरून ठेवलं.

"पोरी, फाडू का?"

"फाडा की. विचारता काय?" सासू म्हणाली.

"तुमाले नाही विचारलं. तिले विचारलं."

"माझी सून आहे ती. तिनं काय पाहायचं ते मी ठरवीन."

बाईंनी सासूकडे पाहिलंच नाही. त्या मुलीला म्हणाल्या, "हे पिक्चर मी चौवेचाळीस खेळ पाह्यलं. मार खाल्ल्यावर घरी कसं जावं, ते शिकवते यात. तुले पाहाचं नसन तर कोणी जबरदस्ती करू शकत नाही. माह्या गेटवर तरी नाही. तुह्या मनानं सांग."

मुलगी खाली पाहत होती. मग तिनं मान हलवली. नाही म्हणून. एवढीशी हलवली, पण मला खिडकीतून दिसली. बाईंनी तिकीट तिच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "जा, तिथं बाबू बसला आहे. त्याले वापस दे."

ती दहा पावलं चालत माझ्या खिडकीशी आली आणि तिनं तिकीट आत सरकवलं.

तोवर सासूनं आरडाओरडा सुरू केला होता. मॅनेजर बाहेर आले. "गेटवर उभं राहायचं काम आहे तुमचं, भाषण द्यायचं नाही," असं ते बाईंवर ओरडले. मग माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही? विकलेली तिकिटं परत घेता तुम्ही?"

माझ्या बहिणीचं लग्न ठरत होतं. आई आजारी होती. सगळ्यांची असतात तशी माझ्याकडे कारणं होती. मी म्हटलं, "नाही साहेब. पाटी आहे ना वर. मी कधीच परत घेत नाही."

आणि त्या मुलीचं तिकीट मी दोन बोटांनी परत बाहेर सरकवलं.

तिनं ते उचललं. मॅनेजरनी तिच्या हातातून घेऊन स्वतः फाडलं आणि तिला सासूच्या मागोमाग आत नेऊन बसवलं. बाईंना त्याच संध्याकाळी कामावरून काढलं. जाताना त्यांनी टॉकीजचा टॉर्च माझ्या खिडकीत ठेवला. "हे जमा कर," एवढंच म्हणाल्या. मी तिकिटं परत घेत होतो, हे त्यांनी मॅनेजरला सांगितलं असतं तर माझीही नोकरी गेली असती. त्यांनी सांगितलं नाही.

तो पिक्चर पंचवीस आठवडे चालला. मालकानं पेढे वाटले. मीही एक खाल्ला. नव्या डोअरकीपरबाई तिकिटं इतक्या झपाझप फाडायच्या, की रांग कधी तुंबली नाही.

बाई जरीपटका वस्तीच्या अलीकडे राहायच्या. तिकडे जायला मला तीन वर्षं लागली. त्या ओट्यावर बसून बिड्या वळत होत्या. मला वाटलं होतं, चार शब्द सुनावतील. त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितला आणि पहिला प्रश्न विचारला, "बाबू, ते पोट्टी पुन्हा दिसली का गा?"

मी म्हटलं, "नाही."

पुढं मी अधूनमधून जात राहिलो. दर वेळी तोच प्रश्न, तेच उत्तर. मग टीव्ही आला. बाईंच्या शेजाऱ्यांनी घेतला होता. सगळी गल्ली तिथं मालिका पाहायला जमायची आणि बाईंना मधोमध जागा ठेवायची, कारण त्यांच्या मतांशिवाय पाहण्यात कुणाला मजा येत नसे. टीव्हीवरच्या सुनाही रडतच होत्या. "पहिले टॉकीजमंदी जाऊन शिकाव लागे," बाई म्हणाल्या. "आता घरात येऊन शिकवून राहिले. यांच्या गेटवर कोण उभं राहीन?" ऐकणाऱ्या बाया खो खो हसल्या. बाईंच्या कपाळावरची शीर मात्र तटतटली होती.

शेवटी मी गेलो तेव्हा त्या खाटेवर होत्या. अंगात काही उरलं नव्हतं. प्रश्न तोच. आणि त्या दिवशी मला राहवलं नाही. मरणाऱ्या माणसाला समाधान द्यावं, असं वाटलं. मी म्हटलं, "दिसली, बाई. माहेरी असते. शाळेत नोकरी लागली. चांगली आहे."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या.

"बाबू," त्या म्हणाल्या, "तू पिक्चर सांगून राहिला."

मी खाटेच्या पायाकडे पाहू लागलो.

"त्या दिवशी मॅनेजरपुढं असाच बोलला होता तू. खाली पाहून."

"नाही दिसली, बाई," मी म्हटलं.

"मंग शोध ना गा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

आता तुमच्यापासून काय लपवू? शोधायला मला कुठं जायचं नव्हतं. ती सासू दर शुक्रवारी माझ्याच खिडकीवर येत होती, एकटी. इतक्या वर्षांत शेकडो तिकिटं मी तिला माझ्या हातानं दिली. 'सून कुठं असते हो हल्ली?' एवढं एक वाक्य विचारायचं होतं, आणि ते मी एकदाही विचारलं नव्हतं. बाईंची राख थंड होते न होते तोच शुक्रवार आला. मी आज विचारायचंच, असं ठरवून खिडकीत बसलो.

ती आली. या वेळी एकटी नव्हती. मागं एक मुलगी उभी होती, अंगावर नवी साडी, हातभर हिरवा चुडा.

"दोन द्या," सासू म्हणाली. "सूनबाईला दाखवायचा आहे."

धाकट्या मुलाची असेल, असं मी मनाशी म्हटलं, आणि दोन तिकिटं काढून दिली.